दहा ते बारा

बारा खिडक्या आहेत. एका मजल्याला तीन, असे चार मजले. मला झोपेतून उठवून विचारा, कुठल्या खिडकीला कसला पडदा आहे ते सांगतो. आणि पडदे तरी कसले, नुसते शोभेचे! दोन्ही बाजूंना गोळा करून दोऱ्यांनी बांधून ठेवलेले. वर राहणाऱ्या शेजाऱ्यांना ऊन हवं, वारा हवा, आणि दोन्ही मिळाल्यावर फुकटात आमचं अंगणही हवं.

माझं नाव नुस्रतुल्लाह. शिराझच्या पाणीखात्यात मी एकतीस वर्षं मीटर वाचले. आता कोण काय करतं मला माहीत नाही, पण आमच्या वेळी एक रीत होती. दारात उभं राहायचं, "या अल्लाह!" अशी खणखणीत हाक द्यायची, आतल्या बायका डोक्यावर काही घेईपर्यंत मनात दहा आकडे मोजायचे आणि मग मान खाली घालून आत शिरायचं. मी हजारो अंगणांत गेलो असेन. कुणाच्या हौदात किती मासे आहेत ते मी सांगू शकत होतो, पण घरात सुना किती ते नाही. आमच्या साहेबाने निवृत्तीच्या दिवशी चारचौघांत सांगितलं, "या माणसाबद्दल एकाही घरातून तक्रार नाही." मी तेव्हा फुगलो होतो. आता वाटतं, तक्रार नसणं ही काही फार मोठी कमाई नव्हे.

ही गोष्ट इराकशी चाललेली लढाई संपून आठ वर्षं झाली तेव्हाची. त्याच्या दोन वर्षं आधी मोनीरेच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, छातीत गाठ निघाली. एक बाजू कापून काढली. मग औषधांनी केस गेले, भुवया गेल्या, पापण्यासुद्धा गेल्या. तिचे केस असे होते की हमामात न्हायला आलेल्या बायका हात लावून बघायच्या. ते सगळं गेलं आणि डोकं अंड्यासारखं झालं. भेटायला बायका यायच्या, तिला बघून रडायच्या, आणि मग हिनेच त्यांची समजूत घालायची. एक दिवस म्हणाली, "पुरे झालं. दार लावून घ्या. मला कुणी बघायला नको." जह्रोमला तिची बहीण आहे, खजुराच्या बागेत घर, आजूबाजूला चिटपाखरू नाही. तिकडे दोन महिने जाऊ का, असं तिने विचारलं होतं. मी म्हटलं, छे! माझ्या जेवणाखाणाचं काय? आणि लोक काय म्हणतील, आजारी बायकोला पाठवून दिली?

तेव्हा राहिलं ते आमचं अंगण. मध्ये हौद, चार नारिंगाची झाडं, भिंतीशी लाकडी तख्त. सकाळी दहाला त्या तख्तावर ऊन येतं ते बारापर्यंत राहतं. डॉक्टर म्हणाले, ऊन घ्या. ती दहाला बाहेर यायची, डोक्याचा रुमाल सोडून खुंटीला अडकवायची, अंगरख्याची वरची बटणं काढायची आणि त्या जखमेला ऊन दाखवत डोळे मिटून बसायची. बरं वाटलं की बाकल्याच्या शेंगा सोलायची, झाडांना शिव्या घालायची, "मेल्यांनो, फळं कडू ती कडू, वर पानं पण झाडायची मीच?" बावीस तास ती आजारी असायची, ते दोन तास नसायची. मी मुद्दाम हौदाशी काहीतरी खुडबुड करत बसायचो, तिचा आवाज ऐकायला.

तिने मला एकच सांगितलं होतं. "बाकी माझं काय व्हायचं ते होऊ दे. हे अंगण तेवढं कुणाच्या नजरेला पडू देऊ नका."

मी म्हटलं, "माझ्या डोळ्यांवर, खानूम." आमच्याकडे हो म्हणायचं तर असंच म्हणतात.

आता ऐका. आमच्या शेजारी म्हाताऱ्या लुत्फअलीचं बैठं घर होतं. तो वारला, पोरांनी घर विकलं, आणि घेणारा निघाला इंजिनियर फरशीद. चाळिशीचा, गुळगुळीत दाढी केलेला, बोलायला लागला की मध नुसता. तो एक दिवस मिठाईचा डबा घेऊन आला. मी त्याला बैठकीत वरच्या, मानाच्या जागी बसवलं. मोनीरे स्वयंपाकघरात दाराआड चहा ओतत होती.

"आगा नुस्रत," तो म्हणाला, "तुम्ही आमच्या वडिलांच्या जागी. तुमच्या मनात किंचितही किंतु असेल तर एक वीट लावणार नाही. पण नगरपालिका म्हणते, तुमच्या बाजूला खिडक्या ठेवायच्या आणि चौथा मजला चढवायचा तर शेजाऱ्याची लेखी संमती आणा. मला तर विचारायलाच लाज वाटते."

आता मला सांगा, दारी आलेल्या माणसाला, तेही मिठाई घेऊन आलेल्या, तोंडावर नाही म्हणणारा आमच्या गावात कोणी आहे का? आपण म्हणायचं असतं, काय बोलता, घर तुमचंच आहे. मग समोरच्याने म्हणायचं असतं, छे छे, तुम्हाला त्रास. आपण पुन्हा म्हणायचं, त्रास कसला. त्याने पुन्हा, नाही हो, देव साक्षी, मी खिडक्या रस्त्याकडे काढतो. तिसऱ्या खेपेला कुठे खरं काय ते ठरतं. लहान पोरालासुद्धा कळतं हे! मीही त्याच हिशेबाने म्हणालो, "त्यात विचारायचं काय, आगा फरशीद? घर तुमचंच आहे. बारा काढा, नाहीतर वीस काढा."

आणि त्या हलकटाने खिशातून पेन काढलं.

पहिल्याच खेपेला! कागद तयार, खाली माझं नाव टंकलेलं. मी पेनाकडे बघतो, पेन माझ्याकडे. आता मागे कसं सरणार? भीड पडली. सही केली. तो उठला, छातीवर हात ठेवून वाकला, म्हणाला, "तुमची सावली आमच्यावरून कधी कमी होऊ नये." मी त्याला कोपऱ्यावरच्या नानवायाच्या, म्हणजे रोटीवाल्याच्या, दुकानापर्यंत सोडायला गेलो.

परत आलो तर चहा तसाच ठेवलेला. मोनीरे म्हणाली, "सही केलीत?"

"अगं, भीड पडली. काय करणार होतो?"

मिठाईचा डबा तिने न उघडता मोलकरणीला देऊन टाकला.

वर्षभर धूळ खाल्ली. गवंडी मात्र सभ्य होते बिचारे. मजल्यावर चढायच्या आधी ओरडायचे, "या अल्लाह!" की मोनीरे रुमाल ओढायची, आत जायची, ते उतरले की बाहेर यायची. मग गवंडी गेले, काचा बसल्या, बिऱ्हाडं आली. बिऱ्हाडं कशाला हाका देतील? त्यांचं ते घर. मोनीरे आता चादर गुंडाळून बाहेर बसायला लागली. उन्हाळ्यात, बायका बाहेर जाताना घेतात ती काळी चादर, हनुवटीपर्यंत. मी म्हटलं, ऊन कसं लागणार? ती म्हणाली, चादरीला लागतंय.

एके दिवशी मात्र तिने वर नीट बघून घेतलं. बाराही खिडक्यांत कुणी नव्हतं. तिने चादर मागे टाकली, रुमाल सोडला. केस यायला लागले होते, दोन बोटं लांबीचे, पांढरे आणि कुरळे. तिला स्वतःलाच त्यांची मौज वाटायची, सारखी हात फिरवायची. बसून पाच मिनिटं झाली नसतील, तोच तिसऱ्या मजल्यावरून आवाज आला. शहला-खानूम. मनाने फार चांगली बाई, हे मी आजही म्हणेन.

"मोनीरे-खानूम! अहो केस येतायत की छान! बघा, मी म्हणत नव्हते? आम्ही सगळे रोज बघतो, इथे बसून तुमच्यासाठी दुआ मागतो!"

रोज बघतो. मोनीरेने वर पाहून हात हलवला, हसलीसुद्धा. आभार मानत म्हणाली, "तुमचे हात दुखू नयेत, शहला-खानूम." मग आत गेली आणि खोलीचं दार लावून घेतलं. त्या दिवसापासून ती अंगणात येईना.

माझं डोकं फिरलं. मी नगरपालिकेच्या कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनाने जाड चष्म्यातून कायदा वाचून दाखवला. शेजाऱ्याने स्वतःच्या जागेत खिडकी काढली तर ती बंद करायला लावता येत नाही. पण आपण आपल्या जागेत तिच्यासमोर भिंत घालावी किंवा पडदा टांगावा, म्हणजे दिसणार नाही.

"चार मजली पडदा?" मी विचारलं.

"कायद्यात उंची दिलेली नाही, आगा," तो म्हणाला. "आणि तुमची तर सहीच आहे म्हणताय. मग आता कुणावर चिडता?"

घरी आलो आणि कामाला लागलो. आधी सरूची दहा रोपं लावली. नर्सरीवाला म्हणाला, उंच होतात, मिनारासारखी. किती दिवसांत? तर म्हणे, पंधरा वर्षं धरा. रोपं माझ्या गुडघ्याएवढी. मोनीरे खिडकीतून म्हणाली, "छान. माझ्या कबरीवर सावली पडेल." मी चिडून दार आपटलं. मग बोरूच्या चटया आणल्या, लोखंडी नळांना बांधल्या. वसंतातल्या वाऱ्याने एका रात्रीत त्यांच्या चिंध्या केल्या आणि सकाळी त्या गल्लीभर गोळा करत फिरलो. शेवटी लोहाराला बोलावलं, साडेपाच मीटरचे खांब पुरले आणि त्यांवर पत्रे ठोकले. तख्ताच्या जागेपुरते तरी पत्रे झाले! दिसायला कारखाना, पण तख्तावर बसून वर बघितलं तर पत्र्यावरून फक्त आकाश. मी स्वतः बसून, आडवं होऊन, सगळ्या बाजूंनी तपासलं.

मोनीरे आली. तीन दिवस आली. चौथ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरचा तरुण नवरा दारात उभा. हातात बेदाण्याची पुडी.

"आगा, तुमच्या पायाची धूळ आम्ही. तक्रार मुळीच नाही. फक्त आमच्या आईच्या खोलीत पत्र्याची तिरीप येते, डोळ्यांवर. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. पण तुम्ही काही मनावर घेऊ नका, आम्ही तिला मधल्या खोलीत हलवू."

मी म्हणालो, "काय बोलता! आईसाहेबांच्या डोळ्यांपुढे माझे पत्रे काय? आत्ता काढतो." म्हणायचं असतं म्हणून म्हणालो. तो म्हणाला, "देव तुम्हाला भलं करो," आणि शिडी धरायला थांबला.

दोन पत्रे गेले. पुढच्या आठवड्यात पहिल्या मजल्यावाल्यांना पत्र्यावर बसणाऱ्या कबुतरांचा आवाज होतो म्हणून तीन. मग शहला-खानूमला त्यावरून परतणाऱ्या उन्हाचा ताप होतो म्हणून दोन. प्रत्येक जण काहीतरी घेऊन आला, डाळिंबं, बेदाणे, घरचं लोणचं. प्रत्येक जण म्हणाला, राहू द्या हो. आणि प्रत्येकासाठी मी शिडी लावली. शेवटी उभे खांब राहिले आणि मधे मधे चार पत्रे, पडक्या दातांसारखे. मोनीरे आत गेली ती गेलीच. दोन महिने. तोंडाचा रंग पिठासारखा झाला. जेवण निम्मं टाकायची. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "यांना हवा लागत नाही का कुठली? असंच चाललं तर मला आशा वाटत नाही."

त्या गुरुवारी संध्याकाळी तिने मला समोर बसवलं. गेल्या चाळीस वर्षांत मी तिला इतकं सरळ बोलताना पाहिलं नव्हतं.

"हे पत्रे, सरू, काही नको आता. उद्या शुक्रवार आहे, सगळे पुरुष घरी असतील. वर जा. चार दारं आहेत. एवढंच सांगा: माझ्या बायकोला उन्हात बसायचंय. दहा ते बारा पडदे सोडा."

"असं तोंडावर कसं सांगायचं?"

"तोंडानेच सांगतात."

"अगं, पण त्यांना काय वाटेल?"

"मला काय वाटतं ते एकदा तरी विचारा." तिचा आवाज चढला नाही, तेच जास्त लागलं. "दोन तास मागतेय मी. घर नाही, दार नाही. तुम्हाला जमत नसेल तर मी जाते. अशीच जाते, बोडक्या डोक्याने, प्रत्येक दारात. म्हणजे एकदाचं सगळ्यांचं बघून होईल."

"जातो," मी म्हणालो.

"नक्की?"

"माझ्या डोळ्यांवर."

"मग तुम्ही सव्वानऊला निघा. मी दहाला बाहेर येऊन बसते. वर बघणारसुद्धा नाही."

सकाळी तिने माझा कोट स्वतः झटकून दिला. मी निघालो तेव्हा ती न्हाणीघरात शिरताना दिसली. नाहून बाहेर येणार होती.

पहिल्या मजल्यावर हाक दिली. दार उघडलं, हातात सरबताचा पेला आला. मी म्हणालो, "सहज आलो होतो. पाण्याला दाब बरा येतो ना?" ते म्हणाले, बरा येतो. मी म्हटलं, वा वा. दुसऱ्या मजल्यावर त्या आईसाहेब माझा हात सोडेनात. "तुमच्यामुळे माझे डोळे वाचले, बाबा!" आता या बाईला म्हणू का, पडदा सोडा म्हणून? तिसऱ्यावर शहला-खानूम. वाक्य अगदी जिभेवर होतं, खरंच होतं. "खानूम, एक विनंती," एवढं म्हणालोही. ती म्हणाली, "विनंती कसली, हुकूम करा!" आणि तिचे डोळे भरून आले. "मोनीरे-खानूम दिसत नाहीत हल्ली. जीव तुटतो हो माझा. रोज दहा वेळा डोकावते." मी म्हणालो, "दुआ असू द्या." तिने माझे दोन्ही खिसे गोड गोळ्यांनी भरले.

मनाशी म्हटलं, चौथ्यावर सांगायचं. तिथे कामरान राहतो, शिकलेला माणूस. त्याला सांगितलं की तोच बाकीच्यांना सांगेल. तेच बरं दिसेल.

चौथ्यावर मोठा गोतावळा. कामरान, त्याचे दोन भाऊ, एक जावई, सगळे मी शिरताच उभे राहिले. मी दाराशीच बसतो म्हटलं तर हाताला धरून मला वरच्या जागी नेलं. वरची जागा खिडकीशी. चहा आला, साखरेचे खडे आले, सोललेल्या काकड्या आल्या. भिंतीवरच्या घड्याळाने दहाचे ठोके दिले. मी ऐकले. मी म्हणालो, "आगा कामरान, मी आलो होतो ते..."

"आधी चहा, आगा. बोलणं कुठे पळतंय?"

खाली आमच्या दाराची कडी वाजली. जावई सहज खिडकीशी गेला, त्याच्यामागे एक भाऊ. मीही पेला हातात धरून उठलो, आणि पहिल्यांदाच माझं अंगण वरून पाहिलं. केवढंसं ते! सगळं दिसतं. हौदातलं नारिंगाचं पान दिसतं. मोनीरे ओल्या केसांनी आली. खरंच तिने वर बघितलं नाही. रुमाल खुंटीला अडकवला, तख्तावर बसली, एक, दोन, तीन बटणं काढली, अंगरखा बाजूला केला आणि डोळे मिटून तोंड उन्हाकडे केलं. तोंड उन्हाकडे म्हणजे आमच्याच बाजूला जरा कलतं. ती हसत होती.

कामरान पुढे झाला. त्याने सगळं पाहिलं आणि तोंड फिरवलं. माणूस सभ्य. त्याने पडद्याची दोरी हातात घेतली आणि हळूच मला विचारलं, "आगा, पडदा सोडू का?"

आणि मी म्हणालो, "छे छे, राहू द्या. तुम्हाला अंधार होईल."

तो म्हणाला, "नक्की ना?"

"नक्की, नक्की. त्यात काय एवढं?"

मी तिसऱ्यांदा विचारायची वाट बघत होतो. देवाची शपथ, तिसऱ्यांदा विचारलं असतं तर मी हो म्हणणार होतो. त्याने दोरीवरचा हात काढून घेतला.

जावई खाकरला. मोनीरेने डोळे उघडले. खिडकीत आम्ही पाच जण ओळीने उभे, मधोमध मी, हातात पेला. तिने बाकी कुणाकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. रुमालाकडे हात गेला नाही तिचा. खालून वर एकेक बटण लावलं, सावकाश, आणि उठून आत गेली.

"बसा, आगा," कामरान म्हणाला, आणि सगळे जमिनीकडे बघत बसले. पेल्यात अर्धा चहा उरला होता. तसाच टाकून उठलो असतो तर त्या लोकांना वाईट वाटलं असतं. म्हणून मी बसलो आणि तो संपवला.